लेक मोठी होताना: वाढतं वय, दिसणं आणि घरातलं बोलणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आयांचे आहेत, थोडे आज्यांचे आणि दोन-चार बापांचेही. विदर्भातल्या गावांत माता-पालक सभेत, अंगणवाडीच्या ओट्यावर, एसटीची वाट पाहताना विचारलेले. सभेत कोणी हात वर करत नाही. सभा संपून चपला घालताना एकेक जण बाजूला घेते आणि म्हणते, "मॅडम, एक इचारू काय?" उत्तरं देताना मी एक पथ्य पाळते: मुलीच्या शरीरात काय घडतंय त्याबद्दल भरपूर बोलायचं आणि ती कशी दिसते त्याबद्दल होईल तितकं कमी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. खालची लांबलचक उत्तरं त्यामुळेच लांबली आहेत.

मुलीशी या विषयावर कितव्या वर्षी बोलायला लागावं?

आठव्या-नवव्या वर्षी, म्हणजे ती तिसरी-चौथीत असताना. "इतक्या लवकर?" असं हमखास विचारलं जातं. पण मुलींच्या शरीरातले बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू होतात. पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी येते, आणि दहाव्या वर्षी आली तरी त्यात वावगं काही नाही. पाळी आल्यावर सांगू, असं म्हणणाऱ्या आईला उशीर झालेलाच असतो. तोवर पोरीला कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसमध्ये मागच्या सीटवर बसणाऱ्या दहावीच्या पोरी असतील, चुलत बहीण असेल, नाहीतर मोबाईल. त्यातलं अर्धं बरोबर असतं आणि अर्धं ऐकून मोठ्या माणसाचीही झोप उडेल.

एकदाच समोर बसवून सगळं सांगायचं नसतं. तसं केलं की मुलगी मान खाली घालते, आई घाम पुसते आणि दोघी सुटकेचा श्वास टाकतात. तुरीच्या शेंगा सोलताना, गहू निवडताना, वेणी घालताना बोला. हात कामात आणि डोळे दुसरीकडे असले की दोघींनाही सोपं जातं. एका वेळी एकच गोष्ट पुरे.

आधी काय बदलतं, ते तिला कसं सांगू?

बहुतेक मुलींमध्ये पहिली खूण छातीवर दिसते. एका बाजूला, कधी दोन्ही बाजूंना, बोराएवढी कडक गाठ येते आणि धक्का लागला की दुखते. हिच्यावरून आया फार घाबरतात. "एकाच बाजूला गाठ हाय, कॅन्सर तं नाही ना?" दुसरी बाजू काही महिन्यांनी येते आणि पुढेही दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात. दाबू नका, चोळू नका, गरम तेलाचे प्रयोग करू नका. त्यानंतर काखेत आणि खाली केस येतात, घामाला वास येतो, उंची झपाट्याने वाढते, चड्डीवर पांढरट डाग दिसू लागतो. मग पाळी. छातीची गाठ दिसल्यापासून पाळीपर्यंत सहसा दोन-अडीच वर्षं जातात. म्हणजे गाठ दिसली की तुमच्या हातात तेवढी मुदत आहे. ती वाया घालवू नका.

आठव्या वर्षाच्या आतच हे बदल दिसू लागले, तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नाही किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. "आमच्या घराण्यात उशिराच येते" हे खरं असूही शकतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पहिली पाळी शाळेत आली तर?

येतेच कित्येकींना. म्हणून पाचवी-सहावीपासून दप्तरात एक लहान पिशवी असू द्या: एक पॅड, एक चड्डी, कागदाचा तुकडा, एक कॅरीबॅग. आणि ती पिशवी देण्याआधी घरी एक पॅड उघडून तिच्या हातात द्या. चिकटणारी बाजू खाली, चड्डीला लागते, हे सांगावं लागतं. चिकट बाजू अंगाला लावून दिवसभर रडकुंडीला आलेल्या मुली असतात, कारण "पॅड लाव" एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. पॅडवर वाटीभर पाणी ओतून दाखवा, ते कसं शोषलं जातं ते तिला बघू द्या. चार ते सहा तासांनी बदलायचं, भरलं नसलं तरी. वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, संडासात नाही.

जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड मिळतं. आशाताईंकडेही विचारा. कापड वापरत असाल तर तेही चालतं, फक्त सुती हवं, गार पाण्यात साबणाने धुतलेलं हवं आणि उन्हात वाळलेलं हवं. गडबड शेवटच्या अटीवर होते. आपल्याकडे मे महिन्यात माणूस वाळून जाईल असं ऊन आहे आणि हे कापड मात्र न्हाणीघरात साडीखाली दडवून दमट ठेवलं जातं. त्यातूनच खाज आणि जंतुसंसर्ग. कोणाला दिसू नये असं वाटत असेल तर परसात दोरी बांधा, पण उन्हात बांधा.

पांढरं पाणी जातं. अंगातली ताकद जाते म्हणतात, खरं का?

नाही. पाळी सुरू होण्याआधी सहा महिने ते वर्षभर पांढरट, पातळ, वास नसलेला स्राव येऊ लागतो आणि पुढेही महिन्यात कमी-जास्त होत राहतो. हाडं वितळून येत नाहीत. मात्र खाज, आग, घाण वास, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्यासारख्या गाठी दिसल्या तर ते आजाराचं लक्षण, त्यावर औषध आहे.

हे मुलीला सांगायचं, कारण आपल्या आधीच्या पिढीने सांगितलं नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांची पाहणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बाकीच्या सोसत होत्या. त्यांतल्या कित्येक जणी आज आज्या असतील, आणि "बाईच्या जातीला हे असतंच" हे वाक्य कुठून आलं ते यावरून कळतं.

एकदा पाळी आली आणि दोन महिने आलीच नाही.

पहिली दोन-तीन वर्षं असं चालतं. एकवीस ते पंचेचाळीस दिवसांत कधीही येऊ शकते. कॅलेंडरवर खूण करायला तिला शिकवा. तीन महिने खाडा पडला, सात दिवसांपेक्षा जास्त अंगावर गेलं किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजू लागलं तर दवाखान्यात न्या.

पोट फार दुखतं. गोळी द्यावी का? गोळीची सवय लागते म्हणतात.

सवय लागत नाही. गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं-फिरणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून काहीतरी खाल्ल्यावर गोळी. दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर मात्र ते "सहन करायचं असतं" या खात्यात टाकू नका.

सासूबाई तिला दूर बसवतात. मी काय करू?

पाळीच्या दिवशी भांडण काढू नका, त्या दिवशी पोरीचंच डोकं फिरतं. मधल्या दिवसांत, सासूबाई निवांत असताना बोला. देवघराचं त्यांचं त्यांच्याकडे ठेवा. सगळ्या आघाड्या एकदम उघडल्या की एकही हाती लागत नाही. मुलगी पलंगावर झोपेल, रोज आंघोळ करेल, सगळ्यांसोबत जेवेल, शाळेत जाईल, या चार गोष्टींवर ठाम राहा. लोणच्याला हात लागला तर लोणचं नासत नाही. ते ओल्या चमच्याने नासतं.

बऱ्याच आज्या नातीसाठी वाकतात, सुनेसाठी वाकल्या नसल्या तरी. "माह्या वेळी मले गोठ्यात बसवत," असं एक आजी सांगत होत्या, आणि तेच सांगता सांगता त्यांनी नातीला आत बोलावलं. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडे माडिया आदिवासींच्या गावांत कुर्मा घर असतं, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळं ठेवायची झोपडी, तिथल्या पोरींचा प्रश्न आणखी अवघड. पावसात गळणारं छप्पर, साप-विंचू, रात्रीचा अंधार. तिथं निदान दार, दिवा, पाणी आणि शाळेची वाट एवढं तरी पहिल्यांदा मागावं.

पोरीचा रंग सावळा आहे. सगळे बोलतात. ती मला विचारते, "आई, मी काळी आहे का?" काय सांगू?

हा प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त वेळा येतो.

आई घाईघाईने म्हणते, "नाही गं, तू कुठे काळी!" पोरीला आरसा आहे, तिला दिसतं. तुमच्या उत्तरातून तिला एवढंच कळतं की काळं असणं ही नाकारायची गोष्ट आहे, आणि आई खोटं बोलते. दुसरं ठरलेलं उत्तर, "विठ्ठल काळाच आहे की." पोरगी ऐकते आणि मनात म्हणते, विठ्ठलाला पाहायला पाहुणे येत नाहीत.

खरं सांगा. "हो, तुझा रंग सावळा आहे, तुझ्या बाबांसारखा." आणि लगेच विचारा, "तुला कोणी काय म्हटलं?" कारण हा प्रश्न रंगाबद्दल क्वचितच असतो. वर्गात कोणी चिडवलेलं असतं, स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभं केलेलं असतं, आत्याने बहिणीशी तुलना केलेली असते. ते बाहेर आलं की निम्मं ओझं उतरतं.

रंग कशाने ठरतो हेही सांगा, ती विज्ञान शिकते. कातडीत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं, ते किती असावं हे आई-वडिलांकडून येतं, आणि ते उन्हापासून कातडीचं रक्षण करतं. आपल्या उन्हात हे रक्षण फुकट मिळालेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला गेलेल्या पोरी परत येतात तेव्हा हात कोपरापर्यंत काळवंडलेले असतात. तो उन्हाचा रंग, काही आठवड्यांत उतरतो. मूळ रंग उतरत नाही, आणि बेसन-हळदीनेही नाही. बेसन लावायचं तर मजा म्हणून लावा, उपाय म्हणून नको.

आता नातेवाईक. "नाकी-डोळी नीटस हाय, फक्त रंगानं मार खाल्ला," हे वाक्य कोणाच्या घरी म्हटलं गेलं नाही? त्या वेळी आई गप्प बसते, नाहीतर हसते. पोरगी तेव्हा आत्याकडे बघत नसते, तुमच्याकडे बघत असते. तिथल्या तिथे, तिच्या देखत, शांतपणे म्हणा: "आत्याबाई, रंगाचं नका बोलू तिच्यासमोर. मले नाही आवडत." भाषण नको. पहिल्यांदा वातावरण गार पडेल. तिसऱ्यांदा आत्याबाई स्वतःच जीभ चावतील.

आणि घरातली टोपणनावं बंद करा. काळी, ढोली, बुटकी, हाडकं. लाडाने म्हणतो, असं सगळेच म्हणतात. लाडाने म्हटलेलंच जास्त दिवस लक्षात राहतं.

गोरं होण्याचं क्रीम लावू द्यावं का?

कंपनीची साधी क्रीम लावून कोणी गोरं झालेलं नाही. एका नामांकित क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' शब्द काढला आणि 'ग्लो' घातला, तेव्हा ट्यूबमधला माल किती बदलला असेल ते तुम्हीच समजा.

खरी भीती आहे बिनलेबलाच्या डब्यांची. ब्युटी पार्लरमध्ये, बाजारात, यात्रेत मिळणाऱ्या, "आठ दिवसांत फरक" वाल्या. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती: अशी क्रीम लावून एकाच घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्याचा माग काढला, तर क्रीममध्ये पारा निघाला. पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग खरंच उजळतो. मग तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. फरक दिसतोय म्हणजे क्रीम चांगली, हा हिशेब इथे उलटा पडतो.

दुसरा धोका स्टेरॉइडच्या मलमांचा. मेडिकलवाला खाजेसाठी देतो ती बेटामेथासोन, क्लोबेटासोल असलेली ट्यूब तोंडाला लावली की चेहरा चार दिवस उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात आग होते, पुरळ आणि लव वाढते. मुलगी आधीच अशी ट्यूब वापरत असेल तर ती ओरडून हिसकावू नका. स्टेरॉइड अचानक बंद केलं की चेहरा आणखी बिघडतो आणि ती चोरून परत लावते. ट्यूब घेऊनच त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा. जिल्हा रुग्णालयात, नागपूर किंवा यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, सेवाग्रामला हा विभाग आहे.

तिची मान काळी आहे, कितीही घासली तरी जात नाही.

घासू नका. भांड्याच्या घासणीने, दगडाने मान घासून रक्त काढलेल्या आया आहेत, आणि "आंघोळ करत नाही" म्हणून मार खाल्लेल्या पोरी आहेत. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी लागत असेल तर तो बहुतेक वेळा मळ नसतो. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, विशेषतः वजन वाढलेलं असेल तर. एकदा रक्तातली साखर आणि वजन तपासून घ्या. उपाय साबणात नाही, खाण्यात आणि खेळण्यात आहे.

मुरूम?

दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड धुवायचं, फोडायचे नाहीत, कपाळावर तेल ओघळू द्यायचं नाही. पोट साफ नसल्याने किंवा "मनात वाईट विचार" आल्याने मुरूम येत नाहीत. हे दुसरं कारण पोरींना फार छळतं, कारण त्या कोणाला विचारूही शकत नाहीत. मोठे, दुखणारे, खड्डे पडणारे असतील तर डॉक्टर.

पोरगी फार बारीक आहे. / पोरगी फार जाड होत चालली आहे.

दोन्हींचं उत्तर एकच सुरू होतं: शरीरावर शेरा नको, ताटाकडे बघा. घरात शेवटी कोण जेवतं, अंडं असेल तर कोणाच्या ताटात जातं, हे स्वतःलाच विचारा.

पाळी सुरू होण्याच्या आसपास कंबर-मांड्या भरतात, ते शरीराचं काम आहे. त्याच वेळी पोरी जेवण तोडू लागतात. आपल्याकडे तर सोय आहेच, उपवास. एकदम सोमवार, गुरुवार, चतुर्थी सगळंच धरायला लागली तर ती भक्ती आहे की वजनाची धास्ती, ते हळूच विचारा.

बारीक पोरीचा खरा प्रश्न पुष्कळदा रक्ताचा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के जणींना रक्तक्षय निघाला. दम लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं, माती-खडू खावासा वाटणं याकडे "आळशी झाली" म्हणून बघू नका. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची आहे. जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. शी काळी होते, घाबरायचं कारण नाही. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही चुकवू नका. ताटात तरोटा, अंबाडी, हरभरा, तीळ-गूळ असू द्या आणि वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं.

विदर्भात आणखी एक गोष्ट तपासावी लागते: सिकलसेल, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. मुलगी सतत आजारी, सांधे दुखतात, डोळे पिवळे, वाढ खुंटलेली, पाळीला उशीर. अशी मुलगी "नाजूक" नसते, तिला आजार असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियानच सुरू आहे. सिकलसेलच्या मुलीला लोहाची गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारायचं.

पाळी आली की उंची थांबते का?

लगेच नाही. वेग कमी होतो, तरी त्यानंतर साधारण पाच ते सात सेंटिमीटर उंची वाढते. टीव्हीवरच्या पावडरी आणि दाराला लोंबकळणं, दोन्हींनी फरक पडत नाही.

पहिली ब्रा कधी आणि कशी घ्यावी? विचारायलाच लाज वाटते.

धावताना, उडी मारताना तिला अवघडल्यासारखं वाटू लागलं की घ्या. आधी सुती शेमीज किंवा स्लिप चालते. आठवडी बाजारात काय होतं ते आपल्याला माहीत आहे: गाडीवर बाप्या उभा, आई नजर चुकवून म्हणते "बत्तीसची द्या," आणि घरी आल्यावर ती एक तर गळ्याशी येते नाहीतर काचते. घरी माप घ्या. शिंप्याचा टेप छातीच्या खाली, बरगड्यांवरून गोल फिरवा, सैल नाही आणि आवळून नाही. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून. हे दोन आकडे चिठ्ठीवर लिहून न्या, तोंडाने काही बोलावं लागत नाही. सुती, मऊ, तार नसलेली घ्या. खांद्यावर वळ उठत असेल तर माप चुकलं. रात्री घातलीच पाहिजे असं नाही.

आणि ती वाळत घालायला दोरीवर जागा द्या. टॉवेलखाली नको.

ओठावर लव आहे. मुलं "मिशीवाली" म्हणतात.

लव आईकडून, आजीकडून येते. तेराव्या वर्षी दोऱ्याने काढायची म्हणाली तर काढू द्या, त्यात पाप नाही. नको म्हणाली तर तुम्ही मागे लागू नका. काढल्याने केस दाट येत नाहीत. हनुवटीवर, छातीवर जाड केस येत असतील आणि पाळीही लांबत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दिवसभर रील बघते, फिल्टर लावून फोटो काढते. मोबाईलच काढून घेऊ का?

अभ्यासही त्यावरच आहे, किती दिवस काढून घ्याल? एकदा तिच्या शेजारी बसा आणि म्हणा, "माह्यावर लाव बरं ते फिल्टर." बघा काय होतं: नाक बारीक, हनुवटी टोकदार, डोळे मोठे, रंग दोन छटा उजळ. मग दोघी मिळून मोजा, काय काय बदललं. तुमच्या तोंडावर ते इतकं विचित्र दिसतं की हसून पुरेवाट होते, आणि तिला न सांगता कळतं की रीलमधल्या बायाही अशाच बनवलेल्या आहेत.

फोटो कोणाला पाठवायचा नाही, हे सांगताना सोबत हेही सांगा की चुकून पाठवला गेला तर आधी माझ्याकडे ये, मी मारणार नाही. हे दुसरं वाक्य राहिलं तर धमकावणाऱ्याचं फावतं. सायबर तक्रारीसाठी १९३०, लहान मुलांसाठी १०९८.

मी बाप आहे. तिची आई नाही. मी हे कसं बोलू?

असे बाप आपल्या जिल्ह्यांत कमी नाहीत, आणि प्रश्न विचारला यातच निम्मं काम झालं. नाजूक गोष्टी दाखवायला आत्या, मावशी, आशाताई यांपैकी तिला आवडणारी एक बाई निवडा, तिलाच विचारून. पण सगळं तिच्यावर ढकलून मोकळे होऊ नका. किराण्याच्या यादीत तेल-साखरेसोबत पॅड लिहा आणि घेऊन या, काळ्या पिशवीची वाट न बघता. "बेटा, काही लागलं, दुखलं तर मले सांगजो. मले सगळं माहीत हाय," एवढं म्हणा. खरंच सगळं माहीत असावं, म्हणून हे पान पहिल्यापासून वाचा.

बापांची एक सवय सांगून ठेवते. पोरगी मोठी होऊ लागली की बाप एकदम लांब जातो. डोक्यावर हात ठेवणं, सायकलवर डबलसीट नेणं बंद. तिला वाटतं, माझ्या शरीरात असं काहीतरी झालं की बाबांना मी नकोशी झाले. लांब जाऊ नका.

"आता मोठी झाली" म्हणून खेळणं बंद केलं, स्थळं येऊ लागलीत.

पाळी आली म्हणजे शरीर लग्नाला, बाळंतपणाला तयार झालं असं नाही. कंबरेची हाडं त्यानंतरही काही वर्षं वाढत असतात. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, ठरवणाऱ्यांवरही होतो. सायकल, कबड्डी, विहिरीवर पोहणं चालू ठेवा. शरीराकडे "कसं दिसतं" ऐवजी "काय करू शकतं" म्हणून बघायला पोरगी मैदानावरच शिकते.

कोणी शरीरावरून बोललं, हात लावला तर तिने काय करावं?

"तू ओढणी नीट घेतली नसशील" हे पहिलं वाक्य तोंडातून आलं, की ती दुसऱ्यांदा काही सांगणार नाही. ऐका, विश्वास ठेवा, शाळा बंद करू नका. करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो, म्हणून "काकांना पापी दे" वगैरे लहानपणापासूनच थांबवा. तिला नको असेल तर नको. अठराखालच्या मुलांसाठी लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. १०९८ किंवा ११२ वर फोन लावा.

ती माझ्याशी बोलतच नाही.

मग लिहून बोला. एक वही ठेवा, तिने प्रश्न लिहायचा, तुम्ही उत्तर. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नाहीतर दुसऱ्या बाईमार्फत. भुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या, महिन्यात आळीतल्या पोरी संध्याकाळी एकत्र जमतात, खिरापत ओळखून झाल्यावर रेंगाळतात. एखादी समजूतदार काकू तिथे बसली की जे आईला कधी विचारलं नसतं ते विचारलं जातं. आपल्या पोरीने ते दुसरीला विचारलं याचं वाईट वाटून घेऊ नका.

डॉक्टर बाई असेल तरच दाखवीन म्हणते. गावात बाई डॉक्टर नाही.

उपकेंद्रातल्या सिस्टरपासून सुरुवात करा, पुष्कळ गोष्टी तिथेच मिटतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, त्यात एक पुरुष आणि एक बाई डॉक्टर असते. तारीख मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींचं क्लिनिक असतं, ते कोणत्या वारी आणि तिथे बाई असते का, हे आशाताई फोन करून सांगतील. जाताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा, किती दिवस अंगावर गेलं, दिवसाला किती पॅड लागले आणि आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. आत गेल्यावर तिला स्वतःला बोलू द्या. ती अडखळली तरी लगेच तिचं उत्तर तुम्ही देऊ नका. आणि डॉक्टर म्हणाल्या, "आई, दोन मिनिटं बाहेर थांबा," तर थांबा.